किनाऱ्याच्या मापाची जहाजे बांधणारा सरखेल

अलिबाग (प्रतिनिधी) - जुलै महिन्याच्या पहिल्या आठवड्यात थळ, नवगाव, आक्षी, रेवदंडा या किनाऱ्यांवर फेरफटका मारला, तर होड्या पाण्यात कमी आणि वाळूवर अधिक दिसतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होड्यांवर ताडपत्री आणि झावळ्यांचे आच्छादन असते, कुठे फळ्या बदलण्याचे काम सुरू असते, कुठे इंजिन खोलून ठेवलेले असते. याच दिवसांत नवी होडी बांधायची की जुनीच दुरुस्त करायची, इंजिन किती सिलिंडरचे घ्यायचे, पंखा कोणत्या मापाचा बसवायचा, याची चर्चा रंगते. अनुभवी तांडेल मात्र इंजिनाची गोष्ट सर्वांत शेवटी काढतो. होडी कोणत्या खाडीत लागणार, ओहोटीला तिथे पाणी किती राहते, किनाऱ्यापासून किती आत जायचे आणि तिथली लाट कशी येते, हे तो आधी विचारतो.

याच किनाऱ्यावर, अशाच पावसाळी दिवसांत, ४ जुलै १७२९ रोजी सरखेल कान्होजी आंग्रे यांचे अलिबाग येथे निधन झाले. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचे सिद्दी या साऱ्यांना त्यांनी सुमारे तीन दशके दाद दिली नाही, हेही आपण वाचलेले असते. परंतु ते हे कशाच्या बळावर करू शकले, याचा विचार होतो तेव्हा बहुधा शौर्याच्या चार गोष्टी सांगून विषय संपवला जातो. शौर्य होतेच. मात्र त्याबरोबर एक अतिशय व्यावहारिक शहाणपणही होते, आणि ते जहाजांच्या निवडीत होते. आपल्या किनाऱ्याला कोणत्या बांधणीची जहाजे हवीत, ती कशाच्या बळावर चालावीत, लाटेचा मारा त्यांनी कसा पेलावा आणि तोफ नेमकी कुठे बसवावी, याची त्यांनी केलेली निवड हा त्यांच्या चरित्राचा काहीसा दुर्लक्षित भाग आहे.

सुवर्णदुर्गाच्या सावलीत

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानला जातो. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. हर्णैजवळच्या आंगरवाडीवरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारात होते आणि सुवर्णदुर्गाशी त्यांचा संबंध होता. हर्णैच्या समुद्रात उभ्या असलेल्या या किल्ल्याच्या परिसरात कान्होजींचे बालपण गेले. भरती-ओहोटीची वेळ, खडकांच्या जागा, सकाळी जमिनीकडून सुटणारा मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा यांचे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळवावे लागले नाही.

ते वयात आले तो काळ स्वराज्यावरील मोठ्या संकटाचा होता. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, राजधानी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणातील किल्ल्यांवर सिद्दीचा दाब वाढला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर झाला असता तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला लढवला, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. तपशिलांत मतभेद असले, तरी त्या धामधुमीत हा तरुण पुढे आला आणि आरमारातील त्याचा अधिकार झपाट्याने वाढला, यात शंका नाही. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, १६९८ च्या सुमारास, कान्होजींकडे आरमाराचे प्रमुखपद आले आणि सरखेल हा किताब त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

हाती आलेला वारसा मोलाचा होता, पण मोडकळीला आलेला होता. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या परिसरात जहाजबांधणी सुरू केली होती, सिंधुदुर्ग उभारला होता आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १६८० मध्ये, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे काम हाती घेतले होते. त्याआधी १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी बांधताना मराठ्यांच्या लहान होड्यांनी इंग्रजांच्या जहाजांना चकवा दिला होता. इंग्रजांची मोठी जहाजे खोल पाण्यात पहारा देत राहिली आणि उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. कान्होजी त्या वेळी दहा वर्षांच्या आसपासचे असतील. खांदेरीच्या त्या प्रसंगातील धडा मात्र त्यांनी पुढे आयुष्यभर गिरवला.

चार शत्रूंच्या मध्ये

कान्होजींनी कुलाबा किल्ल्याला आपले मुख्य ठाणे केले. नकाशा समोर ठेवून ही जागा पाहिली, तर त्यांच्यापुढील अडचण सहज ध्यानात येते. उत्तरेला मुंबईत इंग्रज. दक्षिणेला हाकेच्या अंतरावर चौल-रेवदंड्यात पोर्तुगीज. त्याच्या खाली मुरूडसमोर जंजिऱ्यात सिद्दी, आणि खांदेरीच्या अगदी शेजारचे उंदेरी बेटही सिद्दीच्याच ताब्यात. ज्यांची जहाजे महासागर ओलांडून येत होती, अशा दर्यावर्दी सत्तांशी इथे गाठ होती. त्यांच्या जहाजांवर तोफांच्या रांगा दोन्ही कुशींना असत आणि भर समुद्रात, वारा चांगला असताना, त्यांच्याशी कुशीला कूस भिडवून लढणे म्हणजे विनाशाला आमंत्रण होते.

अशा स्थितीत एखाद्या सत्ताधीशाला दोन मार्ग सुचले असते. पहिला, शत्रूसारखीच मोठी जहाजे बांधायची. दुसरा, समुद्राचा नाद सोडून किल्ल्यांच्या तटाआड बसायचे. कान्होजींनी दोन्ही टाळले. जहाजे शत्रूच्या मापाची न बांधता त्यांनी ती आपल्या किनाऱ्याच्या मापाची बांधली.

कोकणच्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. भरतीला जिथे पाणी दिसते, तिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो. खुद्द कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. खोल तळाचे जहाज अशा ठिकाणी एकतर शिरू शकत नाही किंवा शिरलेच तर रुतून बसते. उथळ तळाचे जहाज खाडीत आत जाऊ शकते, चिखलावर विसावू शकते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर घेता येते. आपले जहाज आत जाईल आणि पाठलाग करणारे बाहेरच राहील, हीच मोठी तटबंदी होती. त्यामुळे बांधणीचा पहिला निर्णय तळाचा होता आणि बाकीचे सारे त्यावरून ठरत गेले.

गुराब आणि गलबत

आंग्र्यांच्या आरमाराचे दोन मुख्य आधार होते, गुराब आणि गलबत. यांपैकी कोणताही प्रकार कान्होजींनी शोधून काढलेला नव्हता. गुराब हा शब्दच मुळात अरबी असून त्याचा अर्थ कावळा असा होतो. पश्चिम किनाऱ्यावर ही जहाजे पूर्वीपासून वापरात होती आणि शिवकालीन आरमारातही ती होती. उपलब्ध असलेल्या प्रकारांतून नेमके काय घ्यायचे, कशाची सांगड कशाशी घालायची आणि प्रत्येकाकडून कोणते काम करून घ्यायचे, हे ठरवण्यात कान्होजींचे कौशल्य होते.

अठराव्या शतकाच्या मध्यास आंग्र्यांच्या जहाजांचे तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने करून ठेवले आहे. त्यानुसार गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने रुंदी बरीच आणि तळ उथळ. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि पुढे नाळ, म्हणजे जहाजाचे टोक, चोचीसारखी लांब बाहेर आलेली असे.

या लांब नाळेचा एक तोटा होता. समोरून लाट आली, की गुराब पुढच्या बाजूने जोरात आपटे. उथळ आणि रुंद जहाजाला हे टाळता येत नाही. खोल तळाचे जहाज पाणी कापत जाते, तर उथळ जहाज पाण्यावरून उड्या घेत जाते. हे हादरे बंद करता येत नव्हते, म्हणून ते पेलायचे कसे याची सोय बांधणीतच केलेली होती. नाळेवरच्या तख्ताला कडेच्या भिंती ठेवलेल्याच नव्हत्या. लाट वर आली, की पाणी तिथे न साठता दोन्ही बाजूंनी वाहून जाई. नाळ आणि जहाजाचा मुख्य भाग यांच्यामध्ये लाकडी आडभिंत असे, त्यामुळे पाणी मागे शिरत नसे.

याच आडभिंतीत दोन झरोके ठेवून त्यांतून दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असत. त्या ९ किंवा १२ पौंडी, म्हणजे साधारण चार ते साडेपाच किलो वजनाचे गोळे फेकणाऱ्या होत्या. कुशीच्या तोफा त्याहून हलक्या, ६ ते ९ पौंडी. युरोपीय जहाजाचे बळ त्याच्या कुशीत असे, तर गुराबेचा मुख्य मारा तोंडाकडून होई. शत्रूला आपली रुंद कूस दाखवायचीच नाही, असा या मांडणीचा उद्देश होता. समोरून येणाऱ्या अरुंद नाळेवर नेम धरणे शत्रूला अवघड जाई.

दुसरा आधार गलबताचा. बांधणी गुराबेसारखीच, पण आकार लहान. बहुतेक गलबते ७० टनांच्या आतली असत. मोठ्या डोलकाठीवर एक भले मोठे तिकोनी शीड, आणि शिवाय ४० ते ५० वल्ही. काही गलबतांचे तख्त वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंचे केलेले असे आणि त्यावर खुंटीवर फिरणाऱ्या लहान तोफाच बसवलेल्या असत. मोठ्या गलबतांवर मजबूत तख्त आणि सहा ते आठ हलक्या तोफा असत. केवळ वल्ह्यांवर हे गलबत ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर चालवता येई. आजच्या इंजिनांच्या मानाने हा वेग हास्यास्पद वाटेल. पण ज्या दिवशी वारा पडलेला असे, त्या दिवशी शत्रूच्या जहाजाचा वेग शून्य असे, हे लक्षात घेतले पाहिजे.

वारा आणि वल्हे

जहाजाला चालना देणाऱ्या शक्तीची निवड हा या रचनेचा गाभा होता. महासागर ओलांडणाऱ्या जहाजाला वल्ही परवडत नाहीत. शंभर वल्हेकऱ्यांचे अन्न आणि पाणी महिनोन्‌महिने कुठून वाहणार? म्हणून युरोपीय जहाजे पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून होती. कान्होजींची जहाजे मात्र घरापासून फार दूर जाणारच नव्हती. आज निघालेले गलबत उद्या-परवा कोणत्या ना कोणत्या आंग्रे ठाण्याच्या आश्रयाला येऊ शकत होते. साहजिकच अन्नपाण्याची जागा माणसांना देता येत होती. वारा असेल तर शीड आणि वारा नसेल तर वल्ही, अशी दुहेरी सोय त्यांना परवडत होती.

गुराबेला वल्ही नव्हती, ती उणीव गलबते भरून काढत. वारा पडला, की गलबते दोर लावून गुराबांना ओढत शत्रूच्या जवळ नेत. हे सारे जमून आले, की हल्ल्याची पद्धत ठरलेली असे. आठ-दहा गुराबा आणि ४०-५० गलबते असा तांडा शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला, म्हणजे जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी असत तिथे, गोळा होई. गुराबांच्या नाळेवरील तोफा प्रथम त्याच्या डोलकाठ्यांवर चालत. डोलकाठी पडली, की समोरचे जहाज कितीही मोठे असले तरी ते पाण्यावर तरंगणारे लाकूड ठरे. मग गलबतांतील माणसे तलवारी घेऊन चहूबाजूंनी वर चढत. हे साधण्यासाठी लागणारी माणसे किनाऱ्यावरचीच होती. कोळी, भंडारी, गाबीत अशा समाजांतील पिढीजात दर्यावर्दी या आरमाराचे खलाशी आणि लढवय्ये होते. गरज पडली तेव्हा कान्होजींनी परदेशी लोकांनाही चाकरीत घेतले.

या रचनेच्या मर्यादाही त्यांना पक्क्या ठाऊक होत्या. भर समुद्रात, जोराचा वारा असताना, सावध इंग्रजी जहाजाशी समोरासमोर लढत देणे गुराबेला झेपणारे नव्हते. जिंकण्याची शक्यता नसेल तर खाडीत निघून जायचे, त्यात कमीपणा मानायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. पावसाळ्यात आरमार किनाऱ्यावर घेतले जाई. सागवानी फळ्यांच्या सांधी कापूस आणि राळ वापरून पुन्हा भरल्या जात, तळाला तेल दिले जाई. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये येथे असलेली आंग्रेकालीन गोदी आजही पाहता येते.

दस्तक की चाचेगिरी?

१७०७ मध्ये छत्रपती शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि स्वराज्यात दोन पक्ष पडले. कान्होजी प्रथम महाराणी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहू महाराजांनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैदही केले. अखेर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी वाटाघाटी करून त्यांना शाहू महाराजांच्या पक्षात आणले. कान्होजींचे सरखेलपद आणि किनाऱ्यावरील किल्ल्यांवरचा अधिकार मान्य झाला.

या अधिकाराचा अर्थ काय, यावरून इंग्रजांशी त्यांचा कायमचा वाद राहिला. किनाऱ्यालगत ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा आणि त्याची रक्कम भरावी, असा कान्होजींचा आग्रह होता. पोर्तुगीज हेच शंभराहून अधिक वर्षे करत आले होते आणि त्यांच्या परवान्याला कोणी चाचेगिरी म्हणत नव्हते. हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजांच्या निशाणाखाली चालू लागला, तेव्हा संघर्ष अटळ झाला. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख चाचा असाच येतो आणि पुढे तोच शब्द इतिहासाच्या पुस्तकांत उतरला.

या संघर्षाची दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. १७१२ च्या अखेरीस कान्होजींच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याचे ‘अल्जेरीन’ हे सशस्त्र जहाज पकडले. त्यावर कारवारच्या वखारीतील एका अधिकाऱ्याची तरुण पत्नी होती. लढाईत तिचा पती मारला गेला. तिला कुलाब्यात ठेवण्यात आले आणि पुढच्या वर्षी ३० हजार रुपये घेऊन सोडण्यात आले. त्या काळी समुद्रावर सर्वच सत्ता कैद्यांच्या बदल्यात खंडणी घेत, हे खरे. पण म्हणून त्या तरुणीवर कोसळलेले दुःख कमी होत नाही. कान्होजींना चाचा म्हणणे जसे अन्यायाचे आहे, तसेच त्यांचे युद्ध रक्तहीन होते असे मानणेही भोळेपणाचे आहे.

इंग्रजांचा तरंगता किल्ला

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आंग्र्यांचा बंदोबस्त हे त्याने आपले मुख्य काम मानले. त्याने मुंबईभोवती तटबंदी उभारली, नवी लढाऊ जहाजे बांधून घेतली. १७१७ मध्ये विजयदुर्गावरील आणि नोव्हेंबर १७१८ मध्ये खांदेरीवरील अशा त्याच्या दोन्ही मोहिमा फसल्या. तेव्हा त्याने एक खास नौका बांधून घेतली. तिचे नाव ‘फ्रॅम’. सपाट तळाची, जाड लाकडाची, अतिशय जड तोफा असलेली ही नौका म्हणजे तरंगता किल्लाच होता. आंग्र्यांच्या किल्ल्यांच्या जवळ उथळ पाण्यात जाऊन तटबंदी फोडायची, अशी कल्पना होती.

कल्पना कागदावर वाईट नव्हती. उथळ तळाचे महत्त्व बूनलाही समजले होते. परंतु त्याने एकच गुण उचलला आणि बाकी साऱ्यांचा मेळ घालायचे राहून गेले. सप्टेंबर १७२० मध्ये वॉल्टर ब्राऊनच्या नेतृत्वाखाली ही नौका विजयदुर्गासमोर आणली गेली, तेव्हा तिच्या तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येत नाहीत, असे आढळले. झरोकेच चुकीचे ठेवले होते. गोळे किल्ल्यापर्यंत पोहोचण्याआधीच पाण्यात पडू लागले. झरोके बदलावे लागले, तरी मोहीम यशस्वी झाली नाही. परतताना गोव्याच्या समुद्रात युरोपीय चाच्यांची जहाजे समोर आली, तेव्हा ही जड नौका ओढत पळणे शक्य नव्हते. अखेर इंग्रजांनीच तिला आग लावली.

या दोन बांधणींची तुलना उद्बोधक आहे. ‘फ्रॅम’ला जाड कूस होती, जबर तोफा होत्या, उथळ तळ होता. पण तिला स्वतःची चाल नव्हती, आणि तोफ व झरोका यांचा मेळ नव्हता. गुराबेची एकेक वस्तू ‘फ्रॅम’पेक्षा हलकी आणि कमी दर्जाची होती. मात्र तिचा तळ, शीड, नाळ, तोफ आणि जोडीचे गलबत ही सारी एकमेकांना धरून होती. भारी भाग एकत्र आणले की भारी जहाज होते, हा समज बूनला चांगलाच महागात पडला.

पुढच्याच वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन खुद्द कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार युद्धनौका घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज आला होता, तर गोव्याचा विजरई स्वतः फौजेसह हजर होता. डिसेंबर १७२१ मधील हा हल्ला फसला. किल्ल्याभोवतीच्या खडकाळ, उथळ पाण्यात मोठ्या युद्धनौकांचा उपयोग झाला नाही आणि जमिनीवर बाजीराव पेशव्यांच्या घोडदळाने शत्रूला उसंत दिली नाही. मॅथ्यूज जखमी झाला, पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवत मुंबईला परतावे लागले. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर हल्ला करून पाहिला. त्यांनाही यश आले नाही.

शेवटची वर्षे आणि नंतर

कान्होजींच्या हयातीत त्यांचे कोणतेही महत्त्वाचे ठाणे युरोपीय सत्तांना जिंकता आले नाही. मात्र जंजिरा त्यांनाही घेता आला नाही, हेही नोंदवले पाहिजे. अलिबागच्या किनाऱ्यावर त्यांनी १७२० मध्ये हिराकोट हा किल्ला बांधला. आजचे अलिबाग शहर वसले आणि वाढले ते आंग्र्यांच्याच काळात. अलिबागच्या बागायतीत आणि बाजारपेठेत फिरताना त्यांच्या कारभाराच्या खुणा आजही ओळखता येतात.

त्यांच्या पश्चात सेखोजी सरखेल झाले. त्यांचे निधन १७३३ मध्ये झाले आणि भावांमध्ये कलह सुरू झाला. कुलाब्याला मानाजी आणि दक्षिणेकडे संभाजी अशी घराण्याची वाटणी झाली. पुढे विजयदुर्गाचे आरमार तुळाजी आंग्रे यांच्याकडे आले. तुळाजी पराक्रमी होते, परंतु पेशव्यांशी त्यांचे बिनसले. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तोफेचा एक पेटता गोळा आंग्र्यांच्या ताब्यातील एका जहाजावर पडला, आग पसरली आणि एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबा-गलबतांचा तांडा खाडीतच जळून गेला.

ज्या खाडीने या जहाजांना दोन पिढ्या आश्रय दिला, त्याच खाडीत ती संपली. गुराब वाईट होती म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. ज्यांच्या पाठबळावर हे आरमार उभे होते, ते किल्ले आणि ती जमिनीवरची फौज एकाएकी शत्रूच्या बाजूला गेली होती. किनाऱ्याच्या आधाराने लढण्यासाठी बांधलेल्या जहाजांचा किनाराच काढून घेतला गेला. कान्होजींनी १७१३ मध्ये सातारच्या गादीशी समेट केला, तो याच कारणासाठी किती मोलाचा होता, हे १७५६ च्या आगीने दाखवून दिले. कुलाब्याचे आंग्रे संस्थान त्यानंतरही टिकले आणि १८४० मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले.

स्वतंत्र भारताने कान्होजींची आठवण जपली आहे. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव देण्यात आले. ज्यांना इंग्रजांनी चाचा ठरवले, त्यांचेच नाव इंग्रजांच्या जुन्या आरमारी ठाण्यावर झळकले. १९९९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या आरमारातील गुराबेचे चित्र असलेले तिकीट काढले. खांदेरी बेटाला त्यांचे नाव देण्यात आले आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

दगडी तट टिकतात, म्हणून त्यांना असा मान मिळतो. लाकडी जहाजे टिकत नाहीत. कान्होजींच्या आरमारातील एकही गुराब आज पाहायला मिळत नाही. ती कशी होती हे समजण्यासाठी शत्रूने लिहिलेल्या वर्णनांचाच आधार घ्यावा लागतो. २०२९ मध्ये कान्होजींच्या निधनाला ३०० वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने गिर्येच्या गोदीचा नीट अभ्यास व्हावा आणि जुन्या पद्धतीने होड्या बांधणाऱ्या कोकणातील मोजक्या कारागिरांकडील ज्ञान नोंदवून ठेवले जावे, ही अपेक्षा गैर नाही. त्या कारागिरांपैकी अनेक जण नकाशा न काढता, केवळ नजरेने आणि हाताने होडीचा आकार ठरवतात. हे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले, तर ते पुन्हा मिळवता येणार नाही.

मुंबई-पुण्याहून सुटीसाठी अलिबागला येणारे हजारो पर्यटक ओहोटीची वेळ पाहून कुलाबा किल्ल्यात जाऊन येतात. गावातच कान्होजींची समाधी आहे. तिथे मात्र बहुतेक वेळा शांतता असते. नारळी पौर्णिमा जवळ आली, की किनाऱ्यावरच्या होड्या पुन्हा पाण्यात ढकलल्या जातील, दुरुस्त झालेली इंजिने धडधडू लागतील. किल्ला पाहून परतताना वाचकांनी थोडा वेळ काढून त्या समाधीपाशी आणि नंतर त्या होड्यांपाशीही जरूर थांबावे.